कुजबुजीच्या तबकड्या

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई दर रविवारी मुलांच्या विज्ञान संग्रहालयात हौसेनं फुकट राबायला जात. हॉलच्या दोन टोकांना दोन भल्यामोठ्या खोलगट तबकड्या होत्या. एकीत कुजबुजलं, की पार पलीकडच्या तबकडीला कान लावलेल्याला शब्द न् शब्द ऐकू जाई. मूल इकडे तबकडीकडे तोंड करून उभं राहिलं, की बाई रांगेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला खुणेनंच तिकडे पिटाळत. मग म्हणत, "बोल बाळा, आजवर कुणालाच सांगितलं नाहीस असं काहीतरी!"

आज एक चिमुरडी बराच वेळ घुटमळली. शेवटी तबकडीत जवळजवळ डोकंच घालून पुटपुटली, "आई जिन्यावरून पडली नव्हती. बाबांनी ढकललं. पण बाबांना सांगू नका हं."

शेजारी उभ्या बाईंनी ते ऐकलं. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर जोडला गेला, तर त्या झटकन प्लग ओढून घेत. आत्ताही त्यांचा हात तसाच हवेत गेला.



पलीकडे, मघाशी त्यांनीच पाठवलेले पोरीचे बाबा तबकडीला लावलेला कान काढून सावकाश उठले.