एकदाच मळलेलं पीठ

प्रभुभोजनाची भाकर मालनबाईंनी कल्लाप्पांच्या हाती दिली. नाताळची घंटा होऊन गेली होती आणि कन्नड मंडळीचे पंच कल्लाप्पा घाईत होते. रस मागून येईल असं धरून ते चर्चमध्ये गेले. मालनबाई मागच्या हॉलकडे वळल्या आणि द्राक्षरसाची बाटली तमिळ मंडळीच्या अरुळप्पांना देऊन आल्या. भाकर आधीच आत पोचली असेल असं अरुळप्पांना वाटलं. मालनबाईंची पिशवी मात्र आता रिकामी होती.

चर्च एकच, भाषा दोन, आणि आजवर सगळे एकाच बाकावर बसत आले होते. या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून बंगळूर पेटलं. तमिळ गाणी रस्त्यावर ऐकू गेली तर दगड येतील, म्हणून कल्लाप्पांनी तमिळ माणसांना मागे हॉलमध्ये बसायला सांगितलं. सांगितलं ते भीतीपोटीच. पण अरुळप्पांच्या पुतण्याचं दुकान नुकतंच जळालं होतं, आणि ते शब्द त्यांच्या जिव्हारी लागले. शहर निवळलं, तरी ही दोन माणसं एकमेकांचं तोंड बघेनात.

मालनबाई बेळगावकडच्या, मराठी. कानडी असो की तमिळ, प्रार्थना अर्धीमुर्धी समजली तरी त्या आमेन मनापासून म्हणत. दुसरं चर्च त्यांना नव्हतं. येशूच्या आठवणीत वाटायची भाकर आणि रस त्याच करत, आणि एकाशिवाय दुसऱ्याने प्रभुभोजन होत नाही. यंदा दोन्हीकडून निरोप आला, आमचं वेगळं करा.

"दोन दोन करून दे आणि गप बस," नवरा, विश्वासराव, म्हणाले. "आपण ना यांच्यातले, ना त्यांच्यातले. उद्या दोघंही हाकलतील."

मालनबाईंनी आठवडाभर प्रार्थना केली. देव काही बोलला नाही. त्यांना त्याचा रागसुद्धा आला. शेवटी त्यांनी पीठ एकदाच मळलं, आणि रसही एकाच बाटलीपुरता काढला.

आता त्या चर्च आणि हॉलच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या. चर्चमधलं कानडी गाणं संपलं, हॉलमधलं तमिळही संपलं. मग दोन्हीकडे प्रभुभोजनाची वेळ झाली आणि पुढे काही सरकेना. सणाच्या दिवशी आपण हे काय करून बसलो, असं त्यांच्या मनात आलं. माझी अक्कल इथपर्यंतच देवा, त्या पुटपुटल्या, पुढचं तू बघ.

कल्लाप्पा भाकरीचं ताट घेऊन तरातरा बाहेर आले. "अक्का, रस कुठंय?"

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. अरुळप्पा भरलेला प्याला सांभाळत बाहेर आले आणि जागीच थांबले.

मालनबाई उठल्या.

"होतं ते सगळं देऊन टाकलं, अण्णा," त्या दोघांनाही म्हणाल्या. "तुमचं जे राहिलंय ते समोरच्याच्या हातात आहे."