पहिली वाटी

रॉकेलचा बोळा फिरवून सामंतशेठनी डब्याच्या तळावरची तारीख पुसली आणि डबा पेटीत ठेवला. आटवलेलं दूध, मुदत केव्हाच सरलेली. काही डब्यांची झाकणं फुगली होती. ते त्यांनी तळाशी घातले.

आणीबाणीचे दिवस होते. घाटकोपरच्या दुकानांवर धाडी पडत होत्या आणि कोणाचा वशिला चालत नव्हता. समोरचा भुसारवाला जुन्या पिठापायी आत गेला होता. डबे कचऱ्यात टाकावेत तर गल्लीभर बोभाटा. अशा वेळी भीमराज अगदी देवासारखा धावून आला.

तो टेकडीवरच्या बुद्धविहाराची वर्गणी मागायला आला होता. संध्याकाळी बुद्धपौर्णिमेची खीर होती. म्युनिसिपालटीत कुठेतरी नोकरीला असलेला, कमी बोलणारा माणूस. अंगठ्यावर कसला तरी तांबडा डाग. शेठनी पेटीच त्याच्यापुढे ढकलली.

"पैसे कसले नेता? दूध न्या. पोरांना पोटभर खीर होऊ दे."

भीमराजने एक डबा उचलून पाहिला, परत ठेवला आणि हात रुमालाला पुसले. संध्याकाळी शेठनी यायलाच हवं, असा त्याने आग्रह धरला. उकळलं की सगळं मरतं, अशी शेठनी मनाची समजूत घातली.

विहारात त्यांना हार घातला, पुढची खुर्ची दिली. समोर पोरांची पंगत बसली होती. त्यात मीरा होती. रोज दुकानात चहापुडीला यायची आणि गुळाचा खडा घेतल्याशिवाय हलायची नाही. शेठना पाहून तिने हात हलवला.

मीराची आई शकु वाटी घेऊन आली. खिरीवर दाट साय होती.

"पहिली वाटी दात्याची," भीमराज म्हणाला. "मग पोरांना."

शेठचा हात पुढे होईना. पोट बिघडलंय, असं काहीतरी ते पुटपुटले. कोणाला खरं वाटलं नाही. शकुचा चेहरा उतरला.

"आमच्या हातचं चालत नाय का, शेठ?"

पंगतीतल्या सगळ्या माना शेठकडे वळल्या. तसं नव्हतं. पण जे होतं ते सांगायचं म्हणजे दुकान गेलं, अब्रू गेली, वर तुरुंग. आणि न सांगावं तर समोर मीरा मांडी घालून, वाटी धरून बसलेली.

त्यांनी मान खाली घातली आणि वाटी तोंडाला लावली. गरम, गोड, वेलदोड्याची खीर.

"झकास," ते म्हणाले.

भीमराज त्यांच्याकडे बघत होता. "मग वाढू पोरांना?"

शेठनी एकदा मीराकडे पाहिलं.

"वाढा."

पोरं तुटून पडली. मीराने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि आणखी मागितली. शेठना ते बघवेना. काम आहे म्हणत ते उठले. भीमराज त्यांना टेकडीच्या उतारापर्यंत पोचवायला आला. उताराशी शेठ थांबले आणि वळून विहाराकडे बघू लागले.

"घाबरू नका. खीर तबेल्यातल्या ताज्या दुधाची आहे," भीमराज म्हणाला. "तुमची पेटी मी दुपारीच सील केली, लाख लावून. अन्न निरीक्षक आहे मी. फक्त एक बघायचं राहिलं होतं. तुम्ही पोरांना थांबवता का."