कुटुंबाचं खातं

“निळी घे, योगिनी. डोळे मिटून निळी घे!” चिंतामणरावांनी मिसळीची ताटली बाजूला सारली आणि वही तिच्यापुढं सरकवली. “बाकीच्या कंपन्या नुसत्या गप्पा मारतात.”

वहीत तीन रकाने होते. लाल शेपटीचं विमान, निळ्या शेपटीचं आणि हिरव्या शेपटीचं. कंपन्यांची नावं लक्षात ठेवण्यापेक्षा त्यांना हे सोपं जायचं. छत्तीस वर्षं इगतपुरी स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसलेला माणूस. नियमांची बारीक अक्षरं दिसली की स्वारी खूश. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे, वेळही भरपूर. विमान कंपनीचं कोणतं कार्ड घ्यावं, हा प्रश्न योगिनीनं पंधरा दिवसांपूर्वी टाकला आणि तेव्हापासून त्यांनी शब्दकोड्याला हात लावला नव्हता.

योगिनीचं कामच फिरतीचं होतं. नाशिकची द्राक्षं जहाजानं रॉटरडॅमला जायची आणि कंटेनर उघडताना माल तपासायला योगिनी विमानानं. पेट्या उघडायच्या, मणी चाचपायचे, कुजका घड निघाला की फोटो काढून दिंडोरीच्या ऑफिसला पाठवायचा. द्राक्षं संपली की डाळिंबं. वर्षाला आठ-नऊ फेऱ्या, सगळ्या इकॉनॉमीत. उंची पावणेसहा फूट. नऊ तास गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत. ऑफिस दर वेळी स्वस्तातलं तिकीट काढायचं, त्यामुळे पर्समध्ये सात कंपन्यांची सात कार्डं जमली होती आणि एकावरही फुकट तिकिटापुरते पॉइंट नव्हते. यंदा मात्र साहेब म्हणाले होते, एकच कंपनी धर, भाड्यात थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल.

“आता बघ,” चिंतामणराव म्हणाले. “लालवाल्यांचं कार्ड दिसायला सोनेरी, पण स्वस्त तिकिटाला पाव पॉइंट. दीड वर्षात वापरले नाहीत तर तेही गेले. निळे पूर्ण पॉइंट देतात. शिवाय दोन वर्षांत तुला पुढची ऐसपैस सीट. जरा गुडघ्यांचा विचार कर.”

“आणि हिरवी?”

“हिरवी बाद. पॉइंट निम्मे, वाटेत पाच तास मुक्काम. वर कुटुंबाचं खातं म्हणून एक टूम काढलीय. पाच जणांची नावं घाला, पॉइंट एकत्र साठवा आणि त्यांतल्या कुणाचंही तिकीट काढा. आता तुझ्या घरात कोण पाच जण विमानानं हिंडतायत?”

“मला हिरवीच हवीय, नाना.”

चिंतामणरावांनी चष्मा काढला. पंधरा दिवसांच्या मेहनतीवर तिनं पाणी ओतलं होतं, तेही पाव रश्शात बुडवता बुडवता.

“का पण?”

“एप्रिलमध्ये रॉटरडॅमकडं ट्यूलिप फुलतात. पुढच्या एप्रिलपर्यंत तुमच्या तिकिटापुरते पॉइंट होतात.”

“माझ्या?” चिंतामणराव उडालेच. “मी काय करू तिथं? मिसळ तरी मिळते का?”

“पाव मिळतो.”

तिनं लॅपटॉप उघडून त्यांच्याकडं वळवला. फॉर्म भरून तयार होता. तिचं नाव, तिचा पत्ता. खाली दुसरा सदस्य : चिंतामण, वय अडुसष्ट. एकच चौकोन रिकामा होता.

“एवढं तुम्ही भरा,” योगिनी म्हणाली.

‘मुख्य सदस्याशी नातं.’

बाण दाबल्यावर यादी उघडली. पती, पत्नी, आई, वडील, सासू, सासरे, मुलगा, मुलगी. चिंतामणरावांचं बोट सवयीनं ‘सासरे’कडं गेलं आणि तिथंच थबकलं.

ते आता खरं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ललितनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, योगिनीशी काडीमोड घेतला होता. तो बंगळुरूला दुसऱ्या संसारात रमला होता. दिवाळीला फोन करायचा, तोही घाईत. कोर्टाचा निकाल लागला त्या आठवड्यात चिंतामणरावांनी योगिनीचा कप फळीवर मागं सरकवून ठेवला. शरमेनं त्यांना तिला फोनसुद्धा करवला नाही. आणि रविवारी सकाळी बेल वाजली. दारात योगिनी उभी होती.

“ललितचं न् माझं संपलं, नाना,” ती म्हणाली होती. “तुमचं न् माझं कुठं भांडण झालंय?”

त्यानंतर तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. रॉटरडॅममध्ये असली तर तिथून फोन यायचा, आणि तिकडं नुकतंच उजाडलेलं असायचं.

चिंतामणरावांनी बोट यादीवरून उचललं.

“कागदोपत्री मी तुझा कोणीच लागत नाही गं,” ते हळूच म्हणाले.

“यादीत ‘कोणीच नाही’ असा पर्यायच नाहीये,” योगिनी म्हणाली. “मी बघितलं.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. यादी वर सरकवली. ‘वडील’ या शब्दावर बोट टेकवलं, नीट उमटलंय ना ते दोनदा वाचलं, आणि विचारलं,

“पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात?”