रविवारची भूक

मुलीला दर रविवारी वडिलांकडे पाठवणं बंद करावं, असा अर्ज आईनं कौटुंबिक न्यायालयात केला. कारण एकच दिलं होतं, मुलगी तिकडून उपाशी येते.

“सातला घरात पाय ठेवते ती थेट पानावरच बसते हो,” आई समुपदेशक बाईंना म्हणाली. “दुष्काळातून आल्यासारखी जेवते. बापाला पोरीला धड दोन घास घालवत नाहीत!”

“देवाशपथ सांगतो बाई, निघायच्या आधी मी स्वतः वाढतो तिला,” वडील म्हणाले. “गेल्या खेपेला तर माझ्या ताटातलंही उचललं तिनं!”

दोघांतलं कुणीतरी एक नक्की खोटं बोलतंय, असं बाईंना वाटलं. बाईंनी दोघांनाही बाहेर बसवलं आणि आठ वर्षांच्या मुलीला जवळ घेतलं.

“बाबांकडे जेवतेस का गं?”

“हो. पोटभर.”

“मग घरी गेल्यावर परत भूक कशी लागते?”

“लागत नाही. उलट नंतर पोट दुखतं.”

“अगं, मग जेवतेस कशाला?”

मुलगी दाराकडे बघत हळूच म्हणाली, “एकदा मी सांगितलं, जेवून आले म्हणून. तर आईनं सगळं झाकून ठेवलं आणि तशीच झोपली. मी बसले, की मग ती पण बसते.”

बाईंनी आईला आत बोलावलं, अर्ज बाजूला सारला आणि विचारलं, “रविवारी तुम्ही जेवता का हो?”