शून्य वारा

गिरगावातल्या आमच्या हवामान कचेरीखालून चाललेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचे झेंडे वाऱ्याने फाटायला आले होते आणि आत वाऱ्याचा काटा शून्यावर! माहीमचे कोळी होड्या लोटायच्या की नाही विचारत दारात खोळंबलेले. साहेब संतापून मेकॅनिक धाकूला घेऊन समुद्रातल्या खडकावर पोचले. तिथे वारा मोजणाऱ्या विजेच्या यंत्राच्या फिरत्या वाट्या झेंडूच्या जाडजूड हाराने जखडल्या होत्या. “परवा खंडेनवमी होती ना, साहेब. लालबागच्या गिरणीत मागालासुद्धा हार घालून सुट्टी देतात,” धाकू म्हणाला. “गाढवा, वाऱ्याला सुट्टी असते का?” साहेबांनी हाराला हात घातला. “उत्तरपूजा राहिलीय, साहेब.” हात जागीच थांबला. साहेबांनी बूट काढले, धाकूकडच्या अक्षता यंत्रावर टाकल्या, मगच हार उतरवला. वाट्या गरगरू लागल्या. साहेबांची टोपी उडून समुद्रात पडली. धाकूने वाऱ्याला हात जोडले. “संपली सुट्टी!”