निळं पाणी

मुलीने बाबांना प्रयोगशाळेत बोलावलं, आणि येताना त्यांच्या जुन्या रंगखान्यातलं बाटलीभर सांडपाणी आणायला सांगितलं. तिथे त्यांनी तीस वर्षं कापडाला निळा रंग चढवला होता. तिची पांढरी पूड, म्हणजे ज्योतीत तयार केलेलं टायटॅनियम डायऑक्साइड, दिव्याच्या उजेडात पाण्यातला रंग नाहीसा करायची. पण पाण्यात ठेवायच्या फरशीवर पक्की बसावी म्हणून भट्टीत भाजली, की तिचे बारीक कण एकमेकांना चिकटायचे आणि ती निकामी व्हायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. या वेळी कण सुटे राहावेत म्हणून तिने ज्योतीतच थोडी सिलिका, म्हणजे वाळूतलं द्रव्य, मिसळली होती, आणि फरशी सातशे अंशांतून तावून निघाली होती.

तिने फरशीचा तुकडा त्या निळ्या पाण्यात ठेवला आणि दिवा लावला. बाबा स्टुलावर बसून राहिले. दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. बाबांनी मान खाली घातली.

"रागावलात का? तुम्ही जन्मभर रंग पक्का बसवलात, आणि मी तो घालवतेय."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "तू पाच वर्षांची होतीस. रंगखान्यामागच्या ओढ्यातले मासे कुठे गेले, म्हणून माझ्या मागेच लागली होतीस. मामाकडे राहायला गेलेत, अशी थाप मारली मी." त्यांनी नितळ पाण्याकडे पाहिलं. "मला वाटलं, विसरली असशील."

"विसरेन कशी?" तिने त्यांचा हात हातात घेतला. "परत येतील, असंही तुम्हीच म्हणाला होतात."