बारा मुलांची शाळा

"वसंतात तपासणी आहे. पटावर बारा मुलं हवीत. अकरा भरली तर नवी इमारत विसरा, बांग सर," प्रांत कार्यालयातला अधिकारी म्हणाला आणि त्यानं फाइल मिटली.

बांग सरांची अंध मुलांची शाळा बंदरावर, मिठाच्या जुन्या गोदामात भरत होती. जमिनीच्या फळ्या कुजल्या होत्या. मागच्याच महिन्यात लहानग्या युनबीचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला होता. पटावर मुलं होती मोजून बारा.

त्याच आठवड्यात मोरानची आई भेटायला आली. मोरान नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी आजारपणात तिची दृष्टी गेली होती.

"सोलचे डॉक्टर म्हणतात, या हिवाळ्यात ऑपरेशन करू," आई म्हणाली. "एका डोळ्यानं कदाचित दिसू लागेल. उशीर झाला तर तेवढीही आशा नाही."

बाहेर ओसरीवर मोरान चाचपडत युनबीची वेणी घालत होती. सरांनी बार्लीचा चहा पुढे सरकवला.

"कदाचित म्हणजे कदाचितच ना, मोरानची आई? उन्हाळ्यापर्यंत थांबा. तपासणी होऊ द्या. या पोरांकडे बघून तरी."

आईनं चहा न पिताच कप बाजूला ठेवला.

"बरं, सर," ती म्हणाली.

हिवाळी सुट्टीत मोरान आजीकडे जाणार, असं आईनं कळवलं. मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा ती पहिल्या बाकावर, युनबीचा हात धरून बसली होती. एप्रिलमध्ये अधिकारी आला, त्यानं डोकी मोजली, बारा. मे महिन्यात मंजुरीचं पत्र आलं. जूनमध्ये मोरानच्या वडिलांना इंचनला काम मिळालं आणि ते बिऱ्हाड गाव सोडून गेलं. जाताना आईनं वाकून सरांचा निरोप घेतला. ऑपरेशनचा विषय तिनं काढला नाही, सरांचीही विचारायची छाती झाली नाही.

इमारत सुरेख झाली. दारात सरांच्या नावाची पाटी लागली. निवृत्त होईपर्यंत सर मागच्या दारानं आत जात. लोक म्हणत, काय साधा माणूस आहे!

सत्तावीस वर्षं गेली. सरांना हृदयाचा झटका येऊन गेला, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, आता लिहायचंच. ते शाळेत गेले. युनबी आता तिथंच शिकवत होती. तिच्याकडे त्यांनी ब्रेलची पाटी आणि टोचणी मागितली.

"निवृत्त झालात तरी पाटी सुटत नाही का, सर?" ती हसली. "कुणाला लिहिताय?"

"मोरानला. पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

युनबीचं हसू मावळलं.

"आहे. पण साध्या कागदावर, शाईनं लिहिलंत तरी चालेल, सर."

"नको. मग दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल तिला. हे तिचं तिनंच वाचायला हवं."

युनबी काहीतरी बोलणार होती. मग तिनं नुसता पत्ता सांगितला.

सरांनी ठिपका ठिपका टोचून सगळं लिहिलं. आईला आपण काय सांगितलं ते, का सांगितलं ते. 'तुझा डोळा मी विटांसाठी विकला,' असं शेवटी लिहून त्यांनी पाकीट बंद केलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. शाईनं लिहिलेलं, ठसठशीत अक्षरात. कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल, असं वाटून सरांनी चष्मा लावला.

'सर, तुमचं पत्र वाचायला मला चार दिवस लागले. बोटांची सवय गेली आहे. त्या हिवाळ्यात आम्ही आजीकडे नाही, सोलला गेलो होतो. पण मी आले नसते तर तुमच्याकडे अकराच उरली असती, म्हणून परत यायचा हट्ट मीच धरला. आई नकोच म्हणत होती. युनबीला तेवढं सांगितलं होतं, तिनं शब्द पाळला. मंजुरीचं पत्र आलं त्या दुपारी वर्गात आपण दोघंच होतो. जराही आवाज न करता तुम्ही माझ्यापुढे गुडघे टेकलेत, कपाळ जमिनीला लावलंत. तुम्ही मान वर करायच्या आत मी डोळे मिटून घेतले.'